धार मधेच थांबली

पहाटेचं धुकं अजून गोठ्याच्या दारात रेंगाळत होतं. थोरलीनं सडांवर कोमट पाण्याचा हबका मारला, चरवी गुडघ्यांत धरली आणि रोजच्यासारखी गाईशी बोलायला सुरुवात केली.

"सरक बाई जरा. थंडी मलाही वाजते. मीपण पडून राहिले असते, पण मला कोण चहा आणून देणार आहे? काही लोकांचं बरं असतं. उन्हं अंगावर आली तरी दाराची कडी निघत नाही."

हे 'काही लोक' म्हणजे भिंतीपलीकडची धाकटी, तिची जाऊ. घर मुळात एकच. दोघा भावांच्या वाटणीत मधोमध भिंत आली आणि तीच पुढे गोठ्याला खेटून मागच्या परसापर्यंत गेली. आता भाऊही राहिले नव्हते, आणि पोरबाळ दोघींनाही नव्हतं. गाव तिथून लांब, मधे नुसती नांगरून पडलेली काळी ढेकळं. त्या लांबलचक घराच्या दोन टोकांना दोन चुली पेटत, दोघींचा धूर वर जाऊन एक होई, पण खाली बोलणं म्हणाल तर कितीतरी वर्षांत नाही. थोरलीला जे ऐकवायचं असे ते ती गाईला सांगे, आणि भिंतीपलीकडे पोचेल अशा बेतानं सांगे. गाय बिचारी कान हलवत सगळं ऐकून घेई.

आज मात्र बोलता बोलता तिच्या छातीवर काहीतरी येऊन बसलं. दुखलं असं म्हणता येईना. धान्याचं पोतं कुणी अलगद आणून ठेवावं तसं ते बसलं आणि दाबत राहिलं. मग पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधे कळ गेली. मग जबड्यात. आता तिच्या खालच्या दाढा पडून किती काळ लोटला होता, तरी नसलेल्या दाढा ठणकायला लागल्या. अंगाला दरदरून घाम फुटला. हातातली धार थांबली, चरवी लवंडली आणि पांढरं दूध शेणामातीत पसरलं. गाय एकदा हंबरली.

थोरली भिंतीला टेकून बसली. त्याच भिंतीच्या पलीकडे माणूस होतं. हात उचलून दोन थापा मारल्या असत्या तर काम झालं असतं. पण ते तिच्या जिवावर आलं. जिवावर म्हणजे अगदी शब्दशः जिवावर, पण हे तिला तेव्हा कुठलं कळायला! ती सरपटत कोनाड्यापर्यंत गेली, तेलाची बाटली काढली आणि छाती चोळत बसली.

चोळता चोळता तिला नवरा आठवला. त्यालाही असंच झालं होतं, कडबा रचताना. "गॅस धरलाय," तो म्हणाला, आणि तिनं हेच तेल हातावर घेऊन त्याची छाती चोळली. दुपारपर्यंत चोळली. त्याला बरं वाटलं, त्यानं भाकरी मागितली, आणि भाकरी ताटात पडायच्या आत तो गेला. माणसं जमली तेव्हा धाकटी सगळ्यांसमोर बोलली, "चोळत बसल्या आणि घालवला त्यांना. दवाखान्यात न्यायचं सुचलं नाही." त्या दिवसापासून थोरलीनं तिच्याकडे पाठ फिरवली. शब्द लागला तो खोटा होता म्हणून नव्हे. तो खरा असेल तर काय, ही भीती तिच्या मनात तेव्हापासून घर करून होती. रोज पहाटे उठल्यावर पहिला विचार तोच येई, आणि तो घालवायला ती गाईशी बोलत सुटे.

उन्हं वर आली तसा दूधवाला आला. गाडीचा भोंगा वाजवल्याशिवाय तो वळणसुद्धा घेत नसे, म्हणून त्याचं नावच भोंगा पडलं होतं. आज त्यानं न वाजवताच दार ढकललं आणि थोरलीला बघून तो ओरडलाच.

"मावशी! अहो मावशी! हे काय?"

"काही नाही रे. पाठ भरून आलीय. दूध सांडलं आज, पुढच्या घरी जा."

"दूध गेलं खड्ड्यात. चला, उठा."

"तुला आत यायला कुणी सांगितलं?"

भोंग्यानं इकडंतिकडं पाहिलं. "कुंपणाशी चरवी दिसली नाही, म्हणून आलो," असं तो पुटपुटला. त्यानं तिला गाडीत, रिकाम्या कॅनांच्या मधे गोणपाट घालून बसवलं. अर्धवट पिळलेली गाय मागून ओरडत राहिली. थोरलीला छातीतल्या ओझ्यापेक्षा ते ओरडणं जास्त जड वाटलं.

दवाखाना बाजाराच्या गावात होता. पुढे बाकडी, आत पडद्यामागे दोन खाटा, भिंतीचा रंग कमरेपर्यंत हिरवा. डॉक्टरीण अगदी तरणी पोर. तिनं आल्या आल्या "काय होतंय आजी?" म्हटलं आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आईसुद्धा न झालेल्या बाईला एकदम आजी करून टाकलं होतं.

"पाठ दुखते. गोळी द्या, मी निघते."

"कुठं दुखतं नक्की? हातानं दाखवा."

थोरलीनं मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवली. डॉक्टरीण त्या मुठीकडे बघत राहिली.

"बोट नाही ठेवलंत. मूठ ठेवलीत."

"बोटाएवढं असतं तर बोट ठेवलं असतं."

"टोचतं की दाबतं?"

"बसल्यासारखं वाटतं वर कुणी."

एवढं बोलली आणि थोरलीनं जीभ चावली, कारण डॉक्टरीण एकदम घाईला लागली. एक गोळी चावून खायला लावली आणि नर्सला यंत्र आणायला सांगितलं. हातापायांना चिमटे लागले, छातीवर रबरी फुग्यांच्या वाट्या. वाट्या लागल्या आणि एकेक करून टपाटप घसरल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा घसरल्या. यंत्रातून निघालेल्या कागदावर रेघ सैरावैरा नाचत होती.

"अहो, काय लावून आलाय तुम्ही?" नर्स वैतागली. "नुसतं तेलच तेल आहे इथं!"

"मग दुखल्यावर काय लावतात?"

नर्सनं स्पिरिटचे बोळेच्या बोळे घेऊन तिची छाती पुसली, भांडं घासावं तशी. मग कूस वळवून पाठ पुसायला गेली तर पाठ कोरडी. "दुखणं पाठीचं सांगताय आणि तेल नुसतं पुढं?" ती म्हणाली.

"पाठीला माझा हात पोचत नाही," थोरली म्हणाली.

पुढचा बोळा नर्सनं जरा हळू फिरवला.

या वेळी रेघ नीट आली. डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडाकडे धरून वरून खालून पाहिला. रेघेत काही बिघाड नव्हता. थोरलीला हायसं वाटलं. ते जीव वाचला म्हणून वाटलं असेल असं कुणालाही वाटेल. पण तिच्या मनात हिशेब निराळाच चालला होता. तिला जे झालं ते हृदयाचं नसेल, तर नवऱ्याचंही नव्हतं. कळ तीच, घाम तोच, तेल तेच. तिचा नुसता गॅस ठरला की त्याचाही गॅस ठरेल, आणि मग तो त्याच्या मरणानं गेला, तिच्या हातानं नाही.

"म्हणजे काही नाही ना?"

"असं म्हणता येत नाही आजी. सुरुवातीला रेघ साफ येऊ शकते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. रक्त तपासलं की तो सापडतो. पण तो उतरायला वेळ लागतो, म्हणून मला एक गोष्ट नक्की सांगा. हे दुखणं सुरू कधी झालं?"

थोरली अडाणी असेल, पण जनावरांच्या बाजारात आयुष्य गेलेलं. समोरच्याला काय ऐकायचंय आणि काय ऐकून तो सोडून देईल, हे तिला चटकन उमगे. आत्ताचं म्हटलं तर ही पोर ठेवून घेणार. जुनं म्हटलं तर जा म्हणेल.

"आत्ताचं कुठलं? परवापासूनच आहे. वैरणीचा भारा उचलला तेव्हापासून."

"सारखं? थांबलंच नाही?"

"जराही नाही."

डॉक्टरीणबाईंनी बरगड्या दाबून पाहिल्या. "इथं दुखतं?" "आई गं!" "इथं?" "मेले!" मग तिनं खांदा दाबला, थोरली तिथंही विव्हळली. कोपराला नुसता हात लावला तर तिथंही. डॉक्टरीणबाईंच्या मनात शंका आली, पण दाबल्यावर दुखतं तेव्हा ते स्नायूचं असतं हेही खरंच होतं.

रक्ताचा निकाल यायला दुपार झाली. त्यात काही सापडलं नाही.

"परवापासून सारखं दुखत असतं तर आतापर्यंत यात दिसलं असतं," डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "तरी तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबावं असं मला वाटतं. पुन्हा एकदा रक्त बघू."

"संध्याकाळी माझी गाय कोण पिळणार? दुसऱ्याचा हात लावून घेत नाही ती. सकाळचं दूध तसंच अडकलंय तिच्या कासेत." थोरली खाटेवरून पाय खाली सोडून बसलीच. "द्या गोळ्या."

डॉक्टरीणबाईंनी मनाविरुद्ध गोळ्या लिहायला घेतल्या. थोरलीनं चपला शोधल्या. छातीवरचं ओझं उतरलं नव्हतं, पण चेहऱ्यावर तिनं तसं दिसू दिलं नाही.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि दारात धाकटी उभी राहिली. भाजीच्या कुठल्यातरी गाडीवर बसून आली असावी, डोक्यावरून पायापर्यंत धूळ होती. लुगड्याला शेणाचा पो लागलेला, आणि एका पायानं लंगडत होती. थोरलीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

धाकटीनंही तिच्याकडे बघितलं नाही. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, यांची गाय मला लाथा घालते. पान्हा कसा सोडते ते यांना विचारून सांगा."

"तुम्ही यांच्या घरच्या?"

"शेजारच्या," भिंतीकडून आवाज आला.

"मीही तेच म्हणणार होते," धाकटी म्हणाली. "काय निघालं यांचं?"

"स्नायूचं वाटतंय. परवा वैरणीचा भारा उचलल्यापासून दुखतंय म्हणाल्या, म्हणून सोडतेय."

"परवापासून?" धाकटी पुढे आली. "कोण म्हणतं? खोटं बोलताहेत त्या. आज पहाटे झालंय ते, धार काढताना. त्याआधी काहीसुद्धा नव्हतं."

"तू होतीस का तिथं बघायला?" थोरली गर्रकन वळली. इतक्या वर्षांत तिला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द, आणि तोही असा.

धाकटी डॉक्टरीणबाईंशीच बोलत राहिली. "मी भिंतीपलीकडे असते बाई. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. रोज पहाटे यांची धार सुरू होते. रिकाम्या चरवीत पडते तेव्हा आवाज वाजतो, भरत आली की तो जड होतो. मग या उठतात, गुडघा धरून एकदा 'हुश्श' करतात. तेवढं झालं की मी माझी चूल पेटवते. आज आवाज जड झालाच नाही. मधेच थांबला. चरवी पडली, गाय हंबरली, आणि मग कितीतरी वेळ काही नाही."

"आणि काल? परवा?"

"काल धार झाली, झाडलोट झाली. संध्याकाळी गाईला माझ्याबद्दल हवं तेवढं सांगून झालं. दुखणाऱ्या माणसाला एवढा दम नसतो. परवा तर वैरणीचा भारा यांनी उचललाच नाही. भोंग्यानं उतरवून दिला."

"तुम्ही हे सगळं रोज ऐकता?"

"मग दुसरं काय आहे ऐकायला?" धाकटी म्हणाली.

सकाळी दूधवाल्यानं भोंगा का वाजवला नाही, तो इकडंतिकडं का बघत होता, हे आता थोरलीच्या लक्षात आलं. धाकटीनंच त्याला रस्त्यात गाठून आत पाठवलं होतं, आणि आपलं नाव घेऊ नको म्हणून बजावलंही असणार.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा कागद चुरगाळला. "आजी, खरं सांगा. आज पहाटे ना?"

थोरलीनं होकाराची मान हलवली.

"तर मग सकाळच्या तपासणीचा काही उपयोग नाही. फार लवकर झाली ती. चला, झोपा परत."

पुन्हा चिमटे, पुन्हा वाट्या. या खेपेला तेल नव्हतं, त्यामुळे एकही घसरली नाही. कागद बाहेर आला तशी डॉक्टरीणबाईंची मुद्रा पालटली. सकाळी साफ असलेली रेघ एका ठिकाणी वर उचलली गेली होती. तिनं फोन लावला, नर्सला इंजेक्शन आणायला पाठवलं, रक्त पुन्हा घेतलं. काही वेळानं त्या रक्तातही जे सापडायचं ते सापडलं. तिनं खाटेशी येऊन सांगितलं, "हृदयाचा झटका आहे आजी. इंजेक्शन दिलंय. मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, गाडी बोलावलीय. घाबरू नका, वेळेत आहोत आपण."

थोरली आढ्याकडे बघत होती. मरणाचं भय तिला शिवलंसुद्धा नाही. 'वेळेत' या शब्दानं तिचं काळीज मात्र चिरलं. म्हणजे त्याचंही हेच होतं. म्हणजे त्याचीही वेळ होती, आणि ती वेळ आपण तेलात चोळून घालवली. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं तरी ती हलली नाही. आता धाकटी बोलणार, म्हणून ती अंग चोरून पडून राहिली. बोलायचा तिचा हक्कच होता.

धाकटीनं दोन्ही कागद मागून घेतले. एक सकाळचा, एक आत्ताचा. तिला त्यातलं काय कळणार होतं! तरी ती बराच वेळ बघत होती.

"बाई, हा पहिला कागद साफ होता ना?"

"होता."

"तुम्ही एवढं शिकलात. यंत्र लावलंत, रक्त काढलंत. तरी तुम्हाला सकाळी दिसलं नाही."

"नाही दिसलं," डॉक्टरीण म्हणाली. "मी तर घरी पाठवत होते यांना."

"मग त्या दिवशी या बाईला नुसत्या हातानं काय दिसणार होतं?"

त्या दिवशी म्हणजे कोणत्या, ते डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. पण खाटेवर थोरली हुंदका दाबत होती, ते बघून तिनं विचारलं नाही.

"मी तेव्हा नको ते बोलले होते," धाकटी कागदाची घडी घालत म्हणाली. "एवढं त्यांना सांगा."

"तुम्हीच सांगा की. त्या समोरच आहेत."

धाकटीला तेवढंच जमेना. ती खाटेच्या दांडीला धरून उभी राहिली, दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी थोरलीच म्हणाली, "डावीकडून बसायचं."

"काय?"

"गाईच्या. डावीकडून बस. आणि बोलत राहा. गप्प बसून पिळलं की पान्हा चोरते ती."

"मी काय बोलू तिच्याशी?"

"मला शिव्या घाल. मी तुला घालत आले, तिला सवय आहे त्याची."

धाकटीच्या तोंडून हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "गाय राहू दे. मी येते तुमच्याबरोबर."

"आणि तिची कास सुजली म्हणजे? काही नको. ऊन उतरायच्या आत घरी पोच. आडोसा घाल तिला, थंडी फार पडते." थोरलीला धाप लागली. नर्सनं तिला गप्प राहायला सांगितलं.

गाडी आली. थोरलीला उचलून आत ठेवलं, नाकाला नळी लावली. धाकटी दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. गाडीचं दार लागेपर्यंत ती हललीच नाही आणि लागल्यावर मात्र लंगडत, जवळजवळ पळतच, घराच्या वाटेला लागली. मागच्या काचेतून थोरलीला ती दिसली. मग वळण आलं आणि दिसेनाशी झाली.

गाडीत थोरलीशिवाय एकच माणूस होता, सलाईनची बाटली धरून बसलेला. अनोळखी. बाहेर नांगरलेली रानं मागे पळत होती, त्यावर एकही माणूस नव्हतं. थोरलीनं दवाखान्याची चादर हनुवटीपर्यंत ओढली. इतक्या लांब ती आयुष्यात एकटी कधी गेली नव्हती.

त्या माणसानं गाडीत पुढेमागे पाहिलं, रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं. "मावशी, एवढं मोठं दुखणं आणि तुमचं कुणीच नाही का?"

थोरलीनं नाकावरची नळी जरा बाजूला केली.

"आहे की," ती म्हणाली. "घरी आहे."